टाउनोंना कॉफी नको होती

३ मार्च, सोमवार
लेखी पेपर बंद! वाचा गेलेल्या माणसांना बोलतं कसं करायचं हे शिकवतो आम्ही, आणि परीक्षा घेतो कागदावर! यंदा प्रत्येक विद्यार्थ्याला एक खरा माणूस. त्याला एखाद्या खऱ्या कामापुरतं बोलतं करायचं. विभागातला माझा सहकारी ओस्मो हसला – ‘‘परीक्षा की सहल गं, मार्युत?’’ हसू दे.

६ मार्च
माझ्या विद्यार्थिनीला, एवीला, टाउनो मिळाले. होड्या बांधायचे. मेंदूला झटका आला आणि शब्दच गेले. ‘हो’, ‘नाही’ आणि एक शिवी, एवढंच उरलं. त्यांची बायको हेल्का म्हणाली, ‘‘शिवी मात्र अगदी लख्ख येते!’’ सगळे हसलो. टाउनो सगळ्यांत जास्त.
काम मी ठरवलं – बाजारात जाऊन स्वतः बोलून कॉफी मागायची.

२१ मार्च
एवी गेल्या वर्षी लेखीत आपटली. हेही हुकलं तर पदवी लटकणार. पण टाउनोंकडे रोज जाते पोरगी.

१० एप्रिल
आज परीक्षा. टाउनो काउंटरपाशी उभे. ओठ हलले, आवाज नाही. मागे रांग. शब्द माझ्या जिभेवर आला – गिळला. एवी शेजारी शांत उभी. शेवटी त्यांनी कपाकडे बोट दाखवलं. झालं, परीक्षा हुकली!
बाहेर बर्फाचा नुसता चिखल. मी एवीला विचारलं, ‘‘सराव केलात ना?’’
‘‘रोज. पण कॉफीचा नाही.’’
‘‘मग कशाचा?’’
तिने टाउनोंकडे पाहिलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.
‘‘नाही सांगता येणार, मार्युत. त्यांना कॉफी नकोच होती गं. तू विचारलं होतंस त्यांना?’’
नव्हतं विचारलं.

११ एप्रिल
निकाल द्यायचा होता. हात चालेना. ओस्मो म्हणतो, ‘‘ठरलेलं काम झालं नाही, म्हणजे नापास. नियम तुझाच!’’ खरंच आहे त्याचं. पण काल जाताना एवी टाउनोंच्या कोटाचं वरचं बटण लावून देत होती. स्वतःच्या निकालाबद्दल एक अक्षर नाही विचारलं तिने.

१३ एप्रिल, रविवार
हेल्काचा फोन. रडते काय, हसते काय! सकाळी ओट्याशी पाठमोरी उभी होती. मागून हाक आली – ‘‘हेल्का.’’