निरोगी माणसाचं रक्त

३ मार्च, सोमवार

टिटवीचे डोळे पिवळे! मी इतके दिवस टाळत होते — ट्यूबलाइटमुळे वाटतं, पडद्यांच्या रंगामुळे वाटतं. आज तिला खिडकीशी उभं करून पाहिलं. पिवळेच. गेल्या महिन्यात ताप येऊन गेला, तेव्हापासून पोरगी जिना चढताना मध्येच बसते. ओरडली की शेजारी दार लावून घ्यायचे, म्हणून तर टिटवी नाव पडलं. आता गप्प आहे. तिचं हे गप्प बसणं मला सोसवत नाही.

मुलांच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. प्लीहा वाढलीय म्हणाले. "घरात कोणाला असं काही?" सासूबाई माझ्याआधी बोलल्या — "आमच्याकडे कोण्णाला नाही हो!" मग मीही ठणकावलं, आमच्याकडेही नाही. जशी काही तिथे स्पर्धाच लागली होती.

५ मार्च, बुधवार

तिचं रक्त मी काम करते त्याच लॅबमध्ये आलं. हिमोग्लोबिन सात. मशीनवर पुन्हा लावलं. पुन्हा सात. माझंही कधी अकराच्या वर गेलं नाही, बायकांचं असतंच कमी — पण सात!

पॅथॉलॉजीच्या मॅडमनी काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. "तांबड्या पेशी बऱ्याच चेंडूसारख्या गोल दिसतायत गं." मग समजावलं. कोर्समध्ये शिकले होते मी हे, पण आपल्या पोरीचं असलं की डोक्यात काही राहत नाही. पेशीच्या पडद्याला आतून एक जाळी असते. अँकिरिनसारखी प्रथिनं ती जाळी पडद्याशी धरून ठेवतात — कापडाला अस्तर टाके घालून धरावं तशी. टाके कमी पडले की पडद्याचे तुकडे सुटत जातात. चपटी पेशी गोल होते आणि प्लीहा तिला मोडीत काढते.

"हे बहुतेक आई नाहीतर वडिलांकडून येतं," मॅडम म्हणाल्या. "पण तुम्ही दोघंही ठणठणीत. पेशी दुसऱ्या कारणांनीही गोल होतात. मिठाच्या पाण्याची टेस्ट लाव."

त्यात काही निघालं नाही, तर पुढच्या बुधवारी हाडात सुई घालून बोन मॅरो काढणार. डॉक्टरांना कसली शंका आहे ते त्यांनी सांगितलं नाही. मला कळायचं ते कळलं.

७ मार्च, शुक्रवार

मी इथे लागल्यापासून ही टेस्ट पहिल्यांदाच. नळ्यांची रांग, पुढच्या प्रत्येक नळीत मीठ कमी. पाणी आत शिरलं की चपट्या पेशी फुगतात पण तगतात. गोल पेशींना फुगायला जागाच नसते, त्या आधी फुटतात आणि पाणी लाल होतं. शेजारी ताडून बघायला निरोगी माणसाच्या रक्ताची रांग लागते. आमच्याकडे निरोगी माणूस म्हणजे मी! कुठल्याही टेस्टला हात माझाच. रक्त काढणाऱ्याला सगळे डास म्हणतात, तोही ओ देतो. म्हणाला, "तुझी शीर तर मला झोपेतसुद्धा सापडेल."

दोन्ही रांगा सारख्याच फुटल्या! पुस्तकात दिलंय त्याच्या कितीतरी आधी. म्हणजे पाणी बिघडलेलं. निरोगी रांग चुकली की टेस्ट बाद, हा नियम. अख्खा दिवस फुकट. मीठ मोजायच्या तराजूवर इतकी चिडले की डास मागच्या मागे पसार झाला.

८ मार्च, शनिवार

दुसरा तराजू. नवीन मीठ. तेच.

डास म्हणे, "नाचता येईना, अंगण वाकडं." त्याला नळीच फेकून मारणार होते.

९ मार्च, रविवार

भावाचा फोन. "काय लिंबू, पोरगी कशी आहे?" चाळिशी आली तरी लिंबूच! उजव्या कुशीत कळ येतेय, जेवले नाही म्हटलं, तर रागावला. "आईनेही असंच पित्त पित्त करत अंगावर काढलं. शेवटी खडे काढावे लागले." सध्या माझ्या पोटाकडे कोण बघतंय?

टिटवी हळूच म्हणाली, "आई, हाडात सुई जाताना आवाज येतो का गं?" नाही म्हटलं. मला काय ठाऊक! मग तीच भांडी परत घासत बसले. हात थांबवले की डोकं चालू होतं.

१० मार्च, सोमवार

डिस्टिल्ड वॉटरची नवी बाटली फोडली. तरी तेच!! बेसिनपाशी रडले.

मॅडम आल्या. "मीठ बदललंस, तराजू बदललास, पाणी बदललंस. काय बदललं नाहीस?"

"मीच उरलेय आता!" मी खेकसले. मॅडमवर!

त्या रागावल्या नाहीत. हसल्याही नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "उद्या तिसरी रांग लाव. डासाच्या रक्ताची." डास पांढराफटक पडला — रोज दुसऱ्यांना टोचणारा! किती दिवसांनी हसू आलं.

घरी आल्यावर आरशासमोरून दोनदा गेले. थांबले नाही.

११ मार्च, मंगळवार

डासाची रांग पुस्तकाबरहुकूम. पाणी चांगलंच होतं, पहिल्या दिवसापासून. टिटवीची आणि माझी रांग अगदी सारखी. मी चोर सोडून संन्याशाला फाशी देत होते.

उद्याची सुई रद्द. हिमोग्लोबिन तापामुळे एकदम उतरलं, हळूहळू चढेल म्हणाले डॉक्टर. माझीही सोनोग्राफी करायचीय — पेशी मोडल्या की पिवळा रंग सुटतो, त्याचेच पित्ताशयात खडे होतात.

टिटवीला सांगायला बसले. हे माझ्याकडून आलंय तुझ्यात, एवढंच म्हटलं. तिने मला ओढत खिडकीशी नेलं, माझ्या डोळ्यांत बघत राहिली, आणि जोरात ओरडली — "पण तू तर चाळीस वर्षांची झालीस!!"

शेजाऱ्यांनी दार लावून घेतलं.