गुरुवारचं पाणी

३ तारीख, गुरुवार
आले एकदाची! दोन खोल्या, सपाट गच्ची आणि भूकंपमापक. ताई म्हणाली होती, महिनाभरात भिंतींशी बोलायला लागशील. मी पहिल्याच दिवशी लागले, भिंती समजूतदार आहेत! इथे जमीन मधोमध उसवतेय, दरवर्षी नखभर. खालचा शिलारस उभ्या भेगेत घुसतो, आडवा पसरतो आणि बहुतेकदा वर न येताच थिजतो. अशाच थिजलेल्या रसाची एक जुनी काळी भिंत अंगणात उघडी पडली आहे. तिच्यावर चादरी वाळत घातल्या. पाणीवाले मामा खेचर घेऊन आले. दर गुरुवारी येणार. एवढाच काय तो शेजार.

१७ तारीख, गुरुवार
मामा वळणावर दिसले की मी गच्चीवरून दोन्ही हात हलवते, मग ते पाय उचलतात. आज तासभर बसले. सुनेच्या तक्रारी मला पाठ आहेत, तरी पुन्हा सांगायला लावल्या. ते गेल्यावर त्यांचा कप धुववेना.

२२ तारीख, मंगळवार
दुपारी उत्तरेला, चाळीस किलोमीटरवर धक्के सुरू झाले. प्रत्येक नवा धक्का आधीच्यापेक्षा जवळ. शिलारस निघालाय, रमतगमत, आपल्याच दिशेनं. असाच चालला तर गुरुवारी दुपारी इथे, मामांच्याच वेळेला. वायरलेसवर साहेबांना कळवलं. तुला न्यायला जीप शुक्रवारीच मिळेल म्हणाले. मामांना येऊ नका असा निरोप पाठवू का, असंही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, उद्या सांगते, वाटेतच थिजेल.
खरं सांगायचं तर मला मामा यायला हवे आहेत.

२३ तारीख, बुधवार
वीस किलोमीटर. दारं घासायला लागली. घराच्या दोन्ही बाजूंना लांब भेगा पडल्यात, मधला पट्टा वीतभर खचलाय. घर त्या पट्ट्यात. निरोप द्यायला बसले, तर वायरलेस मुका. खांबच आडवा झालाय. कालच सांगायला हवं होतं. एका दुपारच्या गप्पांसाठी मी—

२४ तारीख, गुरुवार, सकाळ
तीन किलोमीटर. भेग रुंदावलीय, ओलांडवत नाही. रस्ता पलीकडे.
मामा, आज नका येऊ. आजारी पडा, काहीही करा.

दुपार
धक्के थेट पायाखाली. वही घेऊन गच्चीवर. भेगेवर धूळच धूळ—
वळणावर खेचर.
ओरडले. गडगडाटात मलाच ऐकू येईना. दोन्ही हात हलवले. मागे फिरा, मामा, मागे—
त्यांनीही हात केला. पाय उचलले. धुळीकडे, भराभर—
हात खाली घेतले. तरी ते