हात सोडले तरी सरळ राहणारा बेस

११ जानेवारी, रविवार
प्रॅक्टिसला तिसऱ्याच गाण्यात डावा खांदा धरला. गळ्यातला बेस (चार जाड तारांची गिटार) उतरवून ठेवावा लागला. उरलेली गाणी आमच्या कीबोर्डवाल्या डेंटिस्टने डाव्या हाताने बेसचे सूर कीबोर्डवरच वाजवून निभावली. वर म्हणतो, बघा, काही अडलं नाही. मेव्हणा (हिचा मोठा भाऊ, स्वतःच्या मते गायक) मान डोलावत होता. मला ते अजिबात आवडलं नाही. या बँडमध्ये मी वीस वर्षं उभा आहे. ऑफिसात माझ्याकडे कोणी बघत नाही, घरात बघतात ते गॅस बंद केला का हे विचारायला. रविवारचे दोन तास तेवढा मी बेसवाला असतो. तेही गेलं तर माझ्याकडे उरतं काय?

१२ जानेवारी
फिजिओथेरपिस्ट म्हणाला, पोट सुटलंय, त्यामुळे पाठ मागे जाते आणि खांद्यावर ताण येतो. रोज चाला, तोपर्यंत बसून वाजवा. खांदा दुखतोय आणि हा पोटाकडे बघतोय! रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. हिला तसं म्हटलं तर म्हणाली, म्हशीचं उदाहरण चांगलं सुचलं तुम्हाला.
बसून वाजवणार नाही. बसलेला बेसवाला पाहुणा दिसतो.

१३ जानेवारी, संध्याकाळी
शास्त्रशुद्ध काम केलं. बेस गळ्यात अडकवून बाथरूममधल्या वजनकाट्यावर उभा राहिलो. पंच्याऐंशी. माझे बहात्तर वजा. बेस तेरा किलो! खांदा उगाच नाही बोंबलत. खोक्यावर साडेचार छापलंय. कंपन्या काय, वाट्टेल ते छापतात.
कन्या म्हणाली, बाबा, एकदा बेसशिवाय उभे राहा ना. कशाला? मला माझं वजन माहीत आहे. लग्नात बहात्तर होतं, आजही तेवढंच आहे. शर्ट घट्ट होतात ते धुऊन आटल्यामुळे.
निर्णय: हलका, तोललेला बेस स्वतः बनवायचा. मार्चअखेर वाचनालयाच्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे, त्याआधी. हात सोडले तरी आडवा, सरळ राहिला पाहिजे. डेंटिस्टचा डावा हात दात काढायला मोकळा.

१८ जानेवारी
ऑफिसमागच्या सुताराने दुकानात एक कोपरा दिला. लाकूडही दिलं, हलकं. नाव त्यालाही ठाऊक नाही. बॉडी आतून पोकळ करायची म्हटल्यावर त्याचे डोळे चमकले. म्हणाला, मग मागे छोटा कप्पा काढू, झाकण लावू, चाव्या ठेवायला बरा. म्हटलं, हे वाद्य आहे, कपाट नव्हे. तो नाराज झाला.

१ फेब्रुवारी
नेक, म्हणजे बेसची लांब मान, तयार आणली. भरभक्कम. तारा पिळायच्या खुंट्या पोलादी, एकेक हातात घेतली की बरं वाटतं. इथे तडजोड नाही. बचत सगळी बॉडीत.
ही म्हणते, स्वयंपाकघराच्या ओट्यावर नेक ठेवू नका. मग ठेवू कुठे? घरात कलेला जागाच नाही.

१५ फेब्रुवारी
सगळं तात्पुरतं जोडून काट्यावर उभा राहिलो. पंच्याऐंशी! म्हणजे नवाही तेरा किलो. विश्वास बसेना. हातात तर पिसासारखा लागतो. पण हाताला भ्रम होतो, काट्याला होत नाही. उद्यापासून अजून कोरायचं.

१९ फेब्रुवारी
कोरलं. वजन केलं. तरी पंच्याऐंशीच. हे लाकूड हवेतलं पाणी पीत असणार. ऑफिसात जीव लागत नाही. साहेब फाइलबद्दल काही विचारत होते, मी टेबलाच्या जाडीचा अंदाज घेत होतो.

२२ फेब्रुवारी
अजून कोरलं. सुतार म्हणाला, आता आत दिवा लावला तर बाहेर उजेड दिसेल. कप्प्याचा विषय त्याने पुन्हा काढला. दिला काढू. तेवढंच लाकूड कमी!
वजन: साडेपंच्याऐंशी. हद्द झाली. वैतागून सुताराबरोबर भजी खाल्ली. अलीकडे रोजच खातोय, काम अंगमेहनतीचं आहे.

१ मार्च
कन्येने बेस गळ्यात घातला आणि हात सोडले. नेक दाणकन खाली गेली, तिच्या गुडघ्यावर आपटली. म्हणाली, बॉडी हलकी, नेक जड, दुसरं काय होणार? कॉलेजात फिजिक्स शिकते म्हणून घरात सांगायचं. मी तोच बेस घेतला, हात सोडले. जागचा हलला नाही! आडवा, सरळ, शांत. तिला म्हटलं, वाद्य आपला माणूस ओळखतं. ती माझ्या पोटाकडे बघत राहिली. फिजिओथेरपिस्टची साथ घरात पसरतेय.

१५ मार्च, रविवार
विजय! प्रॅक्टिसला नवा बेस नेला. दोन्ही हात वर करून दाखवले. बेस स्थिर. ड्रमर तोंडात बोट घालून बघत होता. दोन तास उभा राहिलो, खांदा हूं की चूं नाही. काटा बिघडलेला होता हे सिद्ध झालं. डेंटिस्टने डावा हात खिशात घातला. मेव्हणा म्हणाला, भाऊजी, मानलं बुवा. वीस वर्षांत पहिल्यांदा. घरी येताना गाणं म्हणत आलो.

२८ मार्च, शनिवार, कार्यक्रमाचा दिवस, दुपार
शर्ट काळा. बटणं लागली, श्वास बेताने घ्यायचा. ठरलंय: शेवटून दुसऱ्या गाण्यात मेव्हणा तान लांबवतो, तिथे मी हात सोडून उभा राहणार. लोकांनी बघू दे.

२९ मार्च
लिहावंसं वाटत नाही.
पण छातीवर दगड ठेवून बसण्यापेक्षा लिहिलेलं बरं. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. तान आली. मी हात सोडले. लोक बघत होते. तेवढ्यात फोटोवाला खालून ओरडला, बेसवाले काका, पोट आत! मी घेतलं आत.
बेस त्यावरच टेकून उभा होता. इतके दिवस.
नेक खाली गेली ती थेट मेव्हण्याच्या माइकच्या स्टँडवर. स्टँड कीबोर्डवर. मेव्हण्याची तान वरच्या वर राहिली, खाली उतरलीच नाही. मागच्या कप्प्याचं झाकण उघडून माझ्या घराच्या चाव्या स्टेजभर. लोक हसले. टाळ्याही वाजवल्या, त्या जास्त लागल्या. मी चाव्या गोळा करेपर्यंत डेंटिस्टने कीबोर्डवर डाव्या हाताने बेस धरला आणि गाणं पुरं केलं. चांगलं वाजवलं त्याने. मी पडद्यामागे उभा राहून ऐकलं. रडू आलं, खोटं कशाला बोलू?

३१ मार्च
कन्येने प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा आणला. जुना बेस साडेचार किलो. नवा अडीच. मग बाथरूमचं दार उघडून बाजूला झाली. नुसता उभा राहिलो. त्र्याऐंशी.
म्हणजे मी लाकूड कोरत होतो आणि वजन माझं वाढत होतं. ही दारात होती. हसली नाही. म्हणाली, चहा ठेवते, बिनसाखरेचा.

४ एप्रिल
डेंटिस्टचा फोन. वाटलं, निरोपाचाच. म्हणाला, डाव्या हाताला गोळे आले, शिवाय दोन कामं एकाने करायची म्हणजे मजा नाही. स्टूल ठेवतो, जुना बेस घेऊन या. मेव्हणाही मागून ओरडला की भाऊजी नसले तर रागावायचं कोणावर.

५ एप्रिल, रविवार
बसून वाजवलं. पाहुणा दिसलो असेन. खांदा अजिबात दुखला नाही. नवा बेस घरी खुंटीला टांगलाय, कप्प्यात ही चाव्या ठेवते. सुताराला कळवायला हवं.
संकल्प: उद्यापासून रोज पहाटे चालणे. महिन्याभरात बहात्तर. मग उभा!

६ एप्रिल
चालायला निघालो होतो. कोपऱ्यावरून परत आलो. बूट फार जड आहेत, साधारण दोन-दोन किलो तरी असतील. अशा बुटांनी माणूस चालणार कसा? हलके, तोललेले बूट स्वतः शिवता येतील. चामडं कुठे मिळतं, ते सुताराला विचारायचं.