पिवळ्या चित्रासमोर मटार

ति. वन्संना,

परवा सकाळी भांडी घासून झाली, धुणं दोरीवर गेलं, मटार सोलायला पसरले आणि तुमचा पहाटेचा फोनवरचा हुकूम आठवला. "उद्या रंगारी येतोय. बैठकीच्या चारी भिंती पांढऱ्या करेल, जुनं डोळ्यांपुढून गेलं की तुला बरं वाटेल. तोवर घरात कुढत बसू नकोस, ते चित्रांचं प्रदर्शन बघून ये." मटारांची पिशवी तशीच उचलून निघाले. (नमस्कार राहिलाच, तो इथे घ्या. गुडघे कसे आहेत? माझे कसे आहेत ते पुढे कळेलच.)

चित्रांत झाड नाही, गाय नाही, माणूस नाही, नुसता रंग. शेवटच्या खोलीत भिंतीएवढं एकच पिवळं चित्र आणि समोरच्या बाकावर मयताला आल्यासारखी गप्प माणसं. (मयताला इतकं गप्प कोणी बसत नाही. तुम्ही तर नाहीच.) अशा चित्रासमोर नुसतं बसायचं, अर्थ विचारायचा नाही, असं मी वाचलं होतं. बसले. पण रिकाम्या हातांनी बसणं मला बापजन्मात जमलेलं नाही, तेव्हा मटार काढले. टक्, टक्. शेजारच्या दाढीवाल्याने डोळे मिटून घेतले. एका मुलीने कुजबुजत विचारलं, "हा प्रदर्शनाचाच भाग ना?" पहारेकरी आला. "आजी, इथे खायचं नाही." म्हटलं, "खातंय कोण? सोलतेय." सोलण्याबद्दल त्याच्याकडे नियम नव्हता.

मग एक दाणा निसटून थेट चित्राखाली गेला. मी गुडघे टेकून वाकले, तर मागे दाढीवालाही वाकला, मुलगीही, आणि बघता बघता अख्खा बाक नतमस्तक! दाणा सापडला, पण मला उठता येईना. मग करते काय, मान वर करून चित्रच बघत राहिले. जवळून दिसलं, पिवळ्याच्या मधोमध एक काळपट गोल आहे, कडा विरत गेलेला. वन्सं, बैठकीतल्या आरामखुर्चीमागच्या भिंतीवर तुमच्या भावाचं डोकं टेकायचं, तिथे हुबेहूब असाच तेलाचा डाग आहे. मी सोड्याने घासायची, हे पुन्हा तेल चोपडून टेकायचे. आता घासत नाही. तरी तो वाढत नाही.

शेवटी पहारेकऱ्याने काखांत हात घालून मला उभं केलं. मुलगी रडत होती. तिला काय वाटलं कोण जाणे. मूठभर मटार दिले.

मन अगदी शांत झालं, तुमचे उपकार.

तुमची भावजय

ता. क. चित्र तसं काही खास नव्हतं.

आणखी एक ता. क. दुसऱ्या दिवशी तुमचा रंगारी वेळेवर आला. मी त्याच्याकडून तीन भिंती रंगवून घेतल्या.