मोनाचं रॉकेट आणि शालूचा डबा

३ डिसेंबर, बुधवार
माझ्या तोंडाला कुलूप घालायला हवं होतं!

पेठेतल्या तालमीत नात मोनाचा सत्कार झाला. बेंगलोरला रॉकेटच्या कंपनीत काम करणारी आमच्या पेठेतली पहिलीच पोरगी. फेटा बांधला. मग तालमीचे अध्यक्ष हंबीरराव म्हणाले, "आजोबांनी दोन शब्द बोलावं की!" आणि मी बोललो. म्हणालो — पोरगी हुशार हाय, पण ही मंडळी एकदा वापरलेलं रॉकेट समुद्रात टाकून देतात. आम्ही फौंड्रीत पस्तीस वर्षं साचे भरले. ओतून उरलेलं लोखंड परत भट्टीत घातलं. खिळा फेकला न्हाय! तुमचं माशांनी काय घोडं मारलंय?

लोक हसले. टाळ्या पडल्या. मोना मान खाली घालून फेट्याचं टोक सारखं करत राहिली.

४ डिसेंबर
सकाळच्या गाडीनं गेली. पाया पडली, बोलली नाही. माझ्या बायकोच्या, शालूच्या पितळी डब्यात बेसनाचे लाडू दिले, ते घेतले. तेवढं बरं. शालू गेली, पण नातीला शिकवून गेली — कुणाचा डबा रिकामा परत करायचा नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची. पण हा डबा परत येतोय का?

७ डिसेंबर
फोन नाही.

शेवटी सूनबाई, मोनाची आई, म्हणाली, "मामा, तिची कंपनी रॉकेट परत उतरवायचंच बघतीया. टाकून द्यायला लागू नये म्हणून. तीन वर्षं पोरगी त्याच कामावर हाय. तुम्ही कधी इचारलं व्हय?"

नाही विचारलं. जेवलीस का, गॅस बंद केलास का — एवढंच विचारत आलो.

१२ डिसेंबर
आज त्यांची चाचणी. मौलाली आला होता — माझा फौंड्रीतला जोडीदार. सूनबाईनं मोबाईल तांब्याला टेकवून ठेवला. रॉकेट वर गेलं, ठिपका झालं आणि खरंच माघारी फिरलं! उभंच्या उभं, खाली आग सोडत. मौलाली ओरडला, "आलं की रं, आलं!" समुद्रात तराफा होता, त्यावर टेकलं — आणि कलंडलं. धूर. मग नुसतं पाणी.

मी फोन लावला. उचलला तिनं. रडत होती. म्हणालो, "माझं पहिलं ओतकाम फुटलं तवा मेस्त्री म्हणाला, रडतोस काय? तुकडं गोळा कर, त्यातनंच दुसरं ओतू."

"आबा, तुकडे समुद्रात गेले."

"मग काढा की भाईर!"

फोन बंद झाला. परत चुकलो का मी?

१३ डिसेंबर
मौलाली म्हणतो, "तू त्वांड उघडू नगंस, तुझा फोन मी लावतो." मी लावू दिला नाही.

२७ डिसेंबर
कुरियरनं शालूचा डबा आला. हलवला तर आत खुळखुळलं. काळवंडलेला, बोटभर धातूचा तुकडा. सोबत चिठ्ठी — "आबा, सगळे तुकडे बाहेर काढले. दहा दिवस लागले. साहेब नको म्हणत होते, मी हटून बसले. डबा रिकामा कसा पाठवू?"

तडा गेलेलं ओतीव लोखंड बद्द वाजतं, अखंड असलं तर ठणठणतं. हातोडी घेऊन तुकडा वाजवून बघितला. ठण्ण!

सूनबाईला म्हटलं, बेसन भाजायला घे.