पुण्यस्मरणाचं खत

७ एप्रिल
ड्युटी आठ ते चार. सांडपाणी केंद्रातला गाळ काढला, उसाचं पाचट मिसळून ढीग घातला. लॅबच्या मयूरी मॅडम म्हणाल्या, "काका, आतली उष्णता पंचावन्नच्या वर टिकली की जंतू मरतात. मी सांगेन तेव्हाच पलटा. सारखा उकरलात तर गार पडेल."
गेल्या वर्षी बायकोला, चारूला, दूषित पाण्याच्या काविळीने नेलं. जंतू मरणार हे ऐकून बरं वाटलं. १८ मेला तिचं पहिलं पुण्यस्मरण. तिच्या नावाने गावाला मोफत खत वाटायचं.
मी सावरलो आहे. रागावणं माझ्या स्वभावात नाही.

१४ एप्रिल
मेव्हणा भाऊसो पलूसहून आला. म्हणाला, "आवं दाजी, ताईच्या नावानं गटारातली घाण वाटणार व्हय? लोक नाकाला रुमाल लावून फोटो बघतील!"
शांतपणे समजावलं. त्याच्या मोटरसायकलचा आरसा फुटला. हेडलाइटही.
नंतर तासभर ढीग उकरला. हवा लागलेली चांगली.

१५ एप्रिल
ढीग गार. थर्मामीटर बिघडला असावा.

२७ एप्रिल, रविवार
संकल्प: ढिगाला हात लावायचा नाही.
शेजारच्या भामाबाई म्हणाल्या, दुसरं लगीन करा. नमस्कार करून घरात आलो. तांब्या भिंतीवर आपटला. सुट्टी असून केंद्रावर गेलो.
वॉचमन आप्पासो म्हणाला, "सायेब, ढीग पलटताय का त्याला मारताय?"
फावड्याचा दांडा मोडला. हल्ली लाकूडच तसलं येतं.

९ मे
केंद्राच्या गेटवर फ्लेक्स लावला. 'कै. सौ. चारुशीला. प्रथम पुण्यस्मरण. मोफत सुरक्षित खत.' फोटो चांगला आलाय. फक्त रिपोर्ट बाकी. ती औपचारिकता.

१७ मे
रिपोर्ट. जंतू जिवंत.
मॅडम म्हणाल्या, "काका, एक पोतंही द्यायचं नाही. कुणाच्या घरात लहान मूल असेल."
पटलं, म्हटलं. खुर्ची टाकीत पडली.

१८ मे
लोक पोती घेऊन आले. परत जा म्हटलं. कुणीतरी फ्लेक्सकडे बघून हसलं. लोखंडी गेटवर एक ठोसा मारला. एकच. नंतर आणखी काही.
भाऊसोनेच त्या बिनआरशाच्या गाडीवर सांगलीला दवाखान्यात नेलं. वाटेत म्हणाला, "दाजी, रडा की एकदा."
म्हटलं, पुढं बघून चालव.

२९ मे
हात प्लास्टरमध्ये. मॅडमनी ताजं पाचट घालून ढीग नव्याने रचून घेतला होता. मी तिकडे फिरकलो नव्हतो. आज गेलो. आप्पासोने थर्मामीटर खुपसला. साठ.
मॅडमनी फोनवर हसत विचारलं, "काका, या वेळी वेगळं काय केलंत?"
काही नाही, म्हटलं.
संध्याकाळी आभाळ भरून आलं. आप्पासो घरी गेलेला. ताडपत्री सापडेना. गेटवरचा फ्लेक्स सोडवला, ढिगावर अंथरला. चारूचा फोटो वर राहील असा. डाव्या हाताने एकेक करून कडेला विटा ठेवल्या.