होडीची गाठ

शूरवीर धाकट्यास,
थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. नको असला तरी घे.

तू चौकाचौकात गोष्ट सांगतोस म्हणे. चाच्यांच्या त्या कैदाशिणीनं तुला डोलकाठीला करकचून बांधलं आणि तू दातांनी दोर तोडून समुद्रात उडी घेतलीस. दातांनी! अरे, तुझ्यानं साधी सुतळी कधी तुटली नाही.

आमच्या जहाजाचा ठावठिकाणा तू आरमाराला कळवलास, हे समजल्यावर माझी माणसं तुझ्या जिवावर उठली होती. "मीच बांधते त्याला," मी ओरडले, आणि लहानपणी तुला शिकवलेली होडीची गाठ मारली. आखूड टोक ओढलं की सुटणारी. ते टोक तुझ्या मुठीत मीच दिलं होतं.

आता तुझे शिपाई माझा जिना चढताहेत. सगळ्यांत पुढे तुझाच आवाज आहे: "तिचे हात मी बांधणार!"

हे पत्र चुलीत टाकते. त्यांच्या हाती लागलं तर तुझी सगळी फुशारकी पाण्यात जाईल.

हात मागे घेऊन उभी राहते. एक मूठ उघडी ठेवते.

तुझी,
कैदाशीण ताई